ऑशविट्झला जाताना खिशात एक नाव असू द्या

"एवढं तिकीट काढून आलोय, आणि मढ्यांची जागा दाखवायला न्यायलास व्हय रे?" क्राकुफच्या स्टेशनवर मामांनी विचारलं. मामा कऱ्हाडकडचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. तोंडाने कुरकुर चालली होती, तरी पाय गाडीकडेच वळले होते. मी काही उत्तर दिलं नाही, कारण माझी स्वतःची पहिली खेप फुकट गेली होती आणि ती का फुकट गेली हे तेव्हा नुकतंच कुठे मला कळायला लागलं होतं.

त्या पहिल्या वेळी मी अर्ध्या दिवसाच्या बससहलीतून गेलो होतो. सकाळी छावणी, दुपारी मिठाची खाण, संध्याकाळी जेवण. बुटांचा ढीग दिसला, पण पुढच्या तीस माणसांच्या खांद्यांवरून. आकडे तर इतके कानावर पडले की तासाभरात त्यांचा अर्थच उरला नाही. अकरा लाख ऐकलं काय आणि एकवीस हजार ऐकलं काय, मान सारखीच हलते. परतताना बसमध्ये मला आठवत होती ती सँडविचची रांग. त्याची लाज वाटली. पुढे नोकरीमुळे पोलंडातच राहिलो, पाहुणे येत गेले, त्यांच्यासोबत मीही पुन्हा पुन्हा गेलो, आणि हळूहळू एक पद्धत बसली. ती इथे लिहितो. पास, गाडी, पिशवी याची माहिती त्यात आहेच, पण सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: जाण्याआधी एका माणसाचं नाव निवडायचं, कागदावर लिहून खिशात ठेवायचं, आणि सगळी जागा त्या एका माणसाला धरून बघायची.

आधी नाव, मग तिकीट

ऑशविट्झमध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन नाझींनी चालवलेल्या या छावणीत, सुमारे १३ लाख लोक आणले गेले आणि सुमारे ११ लाख मारले गेले. त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. उरलेल्यांत ७० ते ७५ हजार पोलिश, सुमारे २१ हजार रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं), १४-१५ हजार सोव्हिएत युद्धकैदी. हातावर क्रमांक गोंदलेले कैदी आपल्याला फोटोंतून माहीत असतात, पण नोंद झाली ती चार लाखांच्या आसपास माणसांचीच. बाकीचे, म्हणजे बहुसंख्य ज्यू, गाडीतून उतरले ते सरळ गॅस चेंबरकडे नेले गेले. त्यांना क्रमांक दिला नाही, त्यांचा नोंदीचा फोटो काढला नाही, रजिस्टरात ओळ लिहिली नाही. जी कागदपत्रं होती त्यांतली बहुतेक एसएसने, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी फौजेने, जानेवारी १९४५ मध्ये पळताना जाळली. म्हणून नाव आपणच घेऊन जायचं. तिथे ते आयतं मिळेलच असं नाही.

नाव शोधायचं कुठे? जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेची नावांची यादी इंटरनेटवर खुली आणि फुकट आहे. तिच्यातला मोठा भाग 'साक्षपत्रां'चा आहे. वाचलेल्या नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेले एकेक पानाचे अर्ज: नाव, आईवडिलांचं नाव, गाव, धंदा, शेवटचं कुठे पाहिलं. कधी फोटो चिकटवलेला असतो. धंद्याचा रकाना वाचत बसावं असा आहे. शिंपी, घड्याळजी, शिक्षक, कारकून, घरकाम. आपल्याच धंद्याचा किंवा आपल्याच वयाचा माणूस शोधला की तो लवकर आपला वाटतो. चेक प्रदेशातल्या ज्यूंची कागदपत्रं पाहायची असतील तर तेरेझीन घेट्टोतून (घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) नेलेल्या लोकांची वेगळी सूची आहे, आणि जर्मनीतल्या आरोल्सनच्या अभिलेखागारानेही लाखो कागद ऑनलाइन ठेवले आहेत. एक काळजी मात्र घ्या. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सगळे ऑशविट्झला नव्हते. कित्येक लाख त्रेब्लिंका, बेल्झेत्स, सोबिबोर या दुसऱ्या छावण्यांत गेले, आणि पूर्वेकडे तर गावाबाहेरच्या खड्ड्यांपाशी गोळ्या घालून मारलेल्यांची संख्या फार मोठी आहे. तुम्ही निवडलेला माणूस खरोखर ऑशविट्झलाच आला होता का, हे पाहून घ्या. नाहीतर तुम्ही एकीकडे आणि तो दुसरीकडे.

मामांसाठी नाव मीच काढून ठेवलं होतं. आमोस स्टाइनबर्ग. जन्म प्रागमध्ये, २६ जून १९३८. त्याची गोष्ट बाहेर आली ती २०२० साली, संग्रहालयातले जतन करणारे लोक मुलांचे बूट साफ करत असताना. एका बुटात हाताने लिहिलेलं नाव आणि तेरेझीनहून सुटलेल्या गाडीच्या यादीतला क्रमांक होता. त्यावरून मुलगा ओळखता आला. सहा वर्षांचा. ४ ऑक्टोबर १९४४ च्या गाडीने आई इडा आणि तो ऑशविट्झला नेले गेले. बुटात नाव लिहिलं ते बहुधा आईनेच, असा संग्रहालयाचा अंदाज आहे. बालवाडीत जाणाऱ्या पोराच्या दप्तरावर, डब्यावर, रेनकोटच्या कॉलरवर नाव घालणारी कुठलीही आई हे ओळखेल.

मी हे सगळं ट्रेनमध्ये सांगितलं. मामांनी खिशातली छोटी डायरी काढली, नाव उतरवून घेतलं, जन्मतारीख लिहिली आणि खाली रेघ मारली. तलाठ्याची सवय.

पास, गाडी, वेळ

प्रवेश फुकट आहे, पण पास आधी घ्यावाच लागतो, आणि तो संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावा. मार्गदर्शक हवा असेल तर पैसे पडतात. उन्हाळ्यात इंग्रजी दौऱ्यांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा व्हिसा हातात पडला की हेच पहिलं काम. पासवर तुमचं नाव असतं आणि दाराशी ओळखपत्र मागतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल, तर ते जसं आहे तसंच भरा. आपल्याकडच्या लोकांची अडचण होते ती इथेच. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण विमानतळासारखी तपासणी असते.

मार्गदर्शक घ्यावा का? पहिल्यांदा जात असाल तर घ्या. तिथे त्यांना शिक्षक म्हणतात आणि बहुतेकांची तयारी खरोखर शिक्षकाची असते. नेहमीचा दौरा साडेतीन तासांचा, आणि सहा तासांचा अभ्यासदौराही असतो. माझ्या मते जमलं तर सहा तासांचा घ्यावा. साडेतीन तासांत पाय पोचतात, डोकं मागे राहतं. नाताळ, १ जानेवारी आणि ईस्टरचा रविवार सोडला तर वर्षभर उघडं असतं.

क्राकुफहून अंतर सत्तर किलोमीटरच्या आत. ट्रेनने ओश्फ्येंचिमला जा (ऑशविट्झ हे जर्मनांनी या गावाला दिलेलं नाव) आणि स्टेशनवरून चालत किंवा स्थानिक बसने. क्राकुफच्या बसस्थानकातूनही गाड्या सुटतात, त्या संग्रहालयाजवळच सोडतात. मी ट्रेन निवडतो, आणि कारण थोडं वैयक्तिक आहे: ती माणसं रुळांवरूनच आली होती. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, पण लगेचची गाडी पकडू नका. त्याच दिवशी मिठाची खाण तर अजिबात ठेवू नका. हे मी भोगून सांगतोय.

अंगावर काय, पिशवीत काय

पिशवी साधारण ए-फोर कागदाएवढी चालते. मोठी असेल तर पैसे भरून बाहेर ठेवावी लागते. चिवडा, थेपले, डबा, सगळं आधीच खाऊन घ्या. आत, प्रदर्शनात आणि बराकींत, खायचं नाही. बिर्केनाऊला, म्हणजे ऑशविट्झच्या दुसऱ्या, मोठ्या छावणीत, बूट चांगले हवेत. वाट खडीची, पावसात चिखलाची. झाड नाही, आडोसा नाही. जुलैत टोपी लागते आणि जानेवारीत वारा हाडात शिरतो. थंडीत गेलात तर अंगावर दोन जाड कपडे चढवून उभं असताना त्या पट्ट्यापट्ट्यांच्या पातळ कपड्यांचा विचार आपोआपच मनात येतो.

आता एक गोष्ट, जी परदेशी मार्गदर्शकपुस्तकांत सापडणार नाही. गळ्यातल्या लॉकेटवर, अंगठीवर, पाकिटावर, ओढणीच्या काठावर कुठे स्वस्तिक आहे का ते आदल्या रात्री हॉटेलवरच बघून घ्या आणि तिथेच ठेवून या. आमच्या एका आत्यांच्या बॅगेवर प्रवासाला निघताना कुंकवाने काढलेलं स्वस्तिक तसंच राहिलं होतं. आपल्याला ते शुभ, यात वादच नाही. पण तिथे तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचे आजी-आजोबा त्या चिन्हाखाली गेलेले असू शकतात. आमचं स्वस्तिक उजवं, त्यांचं तिरकं, हे समजावण्याची ती जागा नाही. जर्मनीत तर नाझी चिन्हांच्या जाहीर वापरावर कायद्याने बंदी आहे. तसंच बोलण्याचं. 'आमचा साहेब म्हणजे नुसता हिटलर' हे आपण हसत हसत म्हणतो, ते शब्द इंग्रजी-मराठीच्या मिश्रणातही ओळखू येतात. आणि 'पोलिश छावणी' म्हणू नका. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, छावणी जर्मन नाझींनी बांधली आणि चालवली. युनेस्कोने २००७ मध्ये जागेच्या अधिकृत नावातच हे स्पष्ट केलं.

कोल्हापूरकडचे कुणी सोबत असतील तर वळीवडेचा विषय निघतोच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ दरम्यान कोल्हापूरजवळ वळीवडेच्या छावणीत राहिले होते. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ते लोक सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललेले होते. ऑशविट्झची कथा वेगळी, ती वेगळीच राहू द्या.

ऑशविट्झ एक: कुठे थांबायचं

नव्या अभ्यागत केंद्रातून आत जाताना काँक्रीटच्या उंच भिंतींमधली एक लांब वाट लागते. तिथे मृतांची नावं वाचलेली ऐकू येतात, एकामागून एक. बहुतेक लोक इथे फोन बंद करण्यात, तिकीट खिशात घालण्यात गुंतलेले असतात. सावकाश चला.

मग ते प्रसिद्ध लोखंडी दार. 'कामाने मुक्ती मिळते' अशा अर्थाची अक्षरं. मूळ पाटी डिसेंबर २००९ मध्ये चोरीला गेली होती, सापडली, आणि आता दारावर आहे ती प्रतिकृती. इथे गर्दी तुंबते, फोटो निघतात. मी म्हणतो, पुढे चला, दार परतताना बघू.

ही जागा मुळात पोलिश सैन्याच्या विटांच्या बराकी. १४ जून १९४० ला तार्नुफहून ७२८ पोलिश राजकीय कैदी आले, तिथपासून छावणी सुरू झाली असं मानतात. बराकींना तिथे 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉक ४ आणि ५ ही वस्तूंची प्रदर्शनं. सुमारे १ लाख १० हजार बूट, ३,८०० सुटकेसी, १२ हजारांहून जास्त भांडी. आकडा विसरा. काचेच्या अगदी डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा, गर्दी मध्यभागी असते. आणि एकच वस्तू निवडून दोन मिनिटं तिच्याकडेच बघा.

सुटकेसींवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव, जन्मसाल, शहर. दोन हजारांहून जास्त पेट्यांवर नावं आहेत. नाव घालायला लावलं होतं, म्हणजे सामान परत मिळणार असा भरवसा. भांडी तर आपल्या घरातल्यासारखीच: कानाचे टोप, गाळणी, एनामलचे पेले, कडेला टवका उडालेले. २०१६ मध्ये त्यांतल्या एका पेल्याचं बूड गंजून सुटलं तेव्हा खाली दुसरं बूड निघालं, आणि दोन्हींच्या मध्ये लपवलेली सोन्याची अंगठी आणि साखळी. डाळीच्या डब्यात बांगड्या ठेवणाऱ्या आपल्या आजीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पेला कुणाचा ते कळलेलं नाही.

केसांच्या दालनात फोटो काढायचा नाही. तिथे बोलूही नये, हे मी सांगायची गरज पडत नाही.

ब्लॉक ६ मध्ये लांब कॉरिडॉरच्या दोन्ही भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत. मार्गदर्शक इथून भरभर नेतात, पुढे ब्लॉक ११ ला जायचं असतं म्हणून. पण माझ्या मते सगळ्या ऑशविट्झ एकमध्ये थांबायची जागा हीच. फोटोंखालच्या दोन तारखा बघा: छावणीत आल्याची आणि मृत्यूची. त्यांची वजाबाकी करत चला. मामा हे न सांगताच करायला लागले. "तीन महिनं. दोन महिनं नऊ दिवस. ह्यो बघ, बावीस दिवस." आयुष्यभर फेरफार नोंदींच्या तारखा तपासलेला माणूस. दहाबारा फोटोंनंतर आकडा बोलायचं थांबले, नुसती बोटं मोडत पुढे सरकत राहिले.

चेस्वावा क्वोका या पोलिश मुलीचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. चौदा वर्षांची, झामोश्च भागातल्या शेतकरी वस्तीतून हाकललेली, क्रमांक २६९४७. १३ डिसेंबर १९४२ ला आली, १२ मार्च १९४३ ला गेली. फोटो काढणारा विल्हेल्म ब्रासे स्वतः कैदीच होता. त्याने नंतर सांगितलं की फोटोच्या आधी कैद्यांवर देखरेख करणाऱ्या एका बाईने तिला काठीने मारलं, तिने डोळे आणि ओठावरचं रक्त पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर बसली. तिचा ओठ फोटोत नीट बघा.

हेही लक्षात ठेवा की या भिंतीवर दिसतात ते नोंद झालेले कैदी, मुख्यतः पोलिश. गाडीतून थेट मारायला नेलेल्यांचा एकही फोटो इथे असणार नाही. आमोस इथे नाही. त्यासाठी ब्लॉक २७ ला जायचं.

ब्लॉक २७ तुमच्या दौऱ्यात आहे का, हे मार्गदर्शकाला आधीच विचारा. नसेल तर दौरा संपल्यावर परत येता येईल का तेही विचारून ठेवा. २०१३ मध्ये याद वाशेमने हे प्रदर्शन मांडलं. एका खोलीत भिंतींवर खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पेन्सिलीने काढलेली चित्रं आहेत. घेट्टोंत आणि छावण्यांत मुलांनी काढलेल्या खऱ्या चित्रांवरून ती उतरवली आहेत. बघायला वाकावं लागतं. शेवटच्या खोलीत नावांचं पुस्तक: भलीमोठी पानं, चाळीस लाखांहून जास्त नावं, बारीक अक्षरांत, वर्णानुक्रमे. तुमच्या माणसाच्या आडनावाचं रोमन स्पेलिंग घरून लिहून आणलं असेल तर इथे उपयोगी पडतं. आडनाव सापडतं, पण मग त्याच आडनावाची माणसं रांगेने, पानोपान. आपल्याकडे मतदारयादीत पाटील शोधावेत तसं. मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि बोट ओळीखाली ठेवून सरकवत गेले. मागे रांग लागली तरी सरकले नाहीत. मी त्यांच्या वतीने माफी मागितली. कुणीच काही बोललं नाही.

वेळ उरला तर ब्लॉक १३, आणि आपण भारतीयांनी तर नक्कीच. हे रोमा लोकांचं प्रदर्शन आहे. त्यांची भाषा मूळ आपल्याकडची: पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख. बिर्केनाऊत त्यांची कुटुंबं एका वेगळ्या भागात ठेवली होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेल्या चार हजारांहून जास्त लोकांना गॅस चेंबरमध्ये नेलं. बहुतेक गट या ब्लॉकसमोरून न थांबता जातात.

ब्लॉक ११ चं तळघर, मृत्यूची भिंत, पहिलं दाहगृह हे सगळे दौरे दाखवतातच, त्याबद्दल मी वेगळं लिहीत नाही. तळघरातही कॅमेरा चालत नाही, आणि जिने अरुंद आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वर थांबलं तरी चालेल.

बिर्केनाऊ: इथे घाई केलीत तर सगळंच गेलं

दोन्ही छावण्यांत तीनेक किलोमीटर अंतर, फुकट बस असते. अनेकजण ऑशविट्झ एकमध्ये थकतात आणि बिर्केनाऊला दारावरच्या मनोऱ्यातून एक नजर टाकून परततात. खरं तर मारलं गेलं ते बहुतांशी इथे. जागा प्रचंड आहे, १७० हेक्टरांच्या आसपास. बहुतेक लाकडी बराकींच्या फक्त विटांच्या धुरांड्या उरल्यात, रांगाच्या रांगा.

रुळांच्या कडेने चालत जा. छावणीच्या आत येणारा हा फाटा १९४४ च्या मेमध्ये वापरात आला, हंगेरीतल्या ज्यूंच्या गाड्यांसाठी. त्या वसंतात आणि उन्हाळ्यात, दोनेक महिन्यांत, सव्वाचार लाखांच्या वर माणसं इथे उतरवली गेली. वाटेत उभारलेल्या फलकांवर त्याच जागेचे तेव्हाचे फोटो आहेत. ते काढले एसएसच्याच लोकांनी. लिली याकोब नावाची मुलगी याच फलाटावर उतरली होती. पुढे डोरा छावणीतून सुटका झाली त्या दिवशी तिला तिथल्या एका बराकीत एक अल्बम सापडला. उघडला तर तिच्याच गाडीचे फोटो, आणि त्यांत तिचे दोन धाकटे भाऊ. अल्बम तिने १९८० मध्ये याद वाशेमला दिला. फलकासमोर उभे राहा, फोटोतला मनोरा आणि समोरचा मनोरा जुळवा. मग पायाखाली बघा.

टोकाला गॅस चेंबर आणि दाहगृहांचे अवशेष, एसएसने जाताना सुरुंग लावून उडवलेले. एक मात्र आधीच गेलं होतं: ७ ऑक्टोबर १९४४ ला तिथे जबरदस्तीने कामाला लावलेल्या ज्यू कैद्यांनी उठाव केला, त्यात ते निकामी झालं. १९६७ मधलं स्मारक याच बाजूला. बहुतेक दौरे इथून मागे फिरतात.

तुम्ही फिरू नका. उजवीकडच्या वाटेने झाडांच्या बाजूला 'सौना' नावाची विटांची इमारत आहे. कामासाठी निवडलेल्यांचे कपडे उतरवून, केस कापून, नोंद करण्याची ही जागा. शेवटच्या दालनात सुमारे २,४०० फोटो लावलेत. ते आले मुख्यतः बेंजिन आणि सोस्नोव्हिएत्सच्या ज्यू कुटुंबांबरोबर. सामानातून काढून घेतलेले, युद्धानंतर छावणीत सापडलेले. लग्नाचे, समुद्रकिनाऱ्यावरचे, शाळेच्या वर्गाचे, एका बाळाला टेबलावर बसवून मागून कुणाचा तरी हात धरलेला. घरातल्या ट्रंकेत अल्बम असतो तसेच. ढिगारे पाहून दगड झालेलं मन इथे परत माणसात येतं, असं मी प्रत्येक पाहुण्याच्या बाबतीत पाहिलंय. किमान अर्धा तास ठेवा. जवळच राख टाकलेलं तळंही आहे. तिथे काही दगड ठेवलेले दिसतील. ज्यू लोक थडग्यावर फुलांऐवजी छोटा दगड ठेवतात. तुम्हीही ठेवू शकता. हार-उदबत्ती नको.

फोटो, मुलं, म्हातारी माणसं

बहुतेक ठिकाणी फ्लॅशशिवाय फोटो चालतो. माझा नियम एवढाच की फ्रेममध्ये मी नसतो. रुळावर तोल सांभाळत चालणारे, मनोऱ्यासमोर केस सारखे करणारे दिसतील. त्यांना शिकवायला जाऊ नका, आपला ग्रुप सांभाळा.

चौदा वर्षांखालच्या मुलांना न आणण्याचा सल्ला संग्रहालयच देतं. आमच्याकडे वहिनी दहा वर्षांच्या लेकाला घेऊन आल्या, तेव्हा त्याला आणि मला क्राकुफच्या पोद्गुझे भागातल्या चौकात सोडून बाकीचे गेले. तिथे मोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या मांडल्यात. मार्च १९४३ मध्ये घेट्टो रिकामा केला तेव्हा चौकात विखुरलेल्या सामानाची ती आठवण. मुलाने एवढंच विचारलं, "इथे बसायचं की नाही?" मी म्हटलं, तूच ठरव. तो उभाच राहिला.

पोलंड जमत नसेल तर

बर्लिनमध्ये नोकरी करणारे मराठी आयटीवाले आता पुष्कळ आहेत. तिथल्या मध्यभागातल्या २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या स्मारकात लोक लपाछपी खेळतात. त्याखाली तळघरात माहिती केंद्र आहे, तिकडे जा. त्याहून मला आवडतो ग्रुनेवाल्ड स्टेशनचा सतरा नंबरचा फलाट. कडेला पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते. गर्दी नसते, तिकीट नसतं. आणि रोज ऑफिसला जाताना फुटपाथमध्ये बसवलेले दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये सुरू केलेलं काम, आता युरोपभर एक लाखाच्या पुढे. 'इथे राहत होते' आणि खाली नाव, साल, शेवट. तुमच्या बिल्डिंगसमोर कुणाचं आहे ते वाचा. त्या दारातून ते बाहेर पडले होते.

ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी पुढच्या आठवड्यांची सुटतात, आणि तासांत संपतात. आत फोटो बंद.

इस्राएलला जाणाऱ्यांना तर सोबत मराठीच मिळू शकते. कोकणातून गेलेली बेने इस्राएल कुटुंबं तिथे आहेत आणि जुनी पिढी अजून मराठी बोलते. याद वाशेम शनिवारी बंद असतं, प्रवेश फुकट, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य संग्रहालयात घेत नाहीत. मुलांचं स्मारक बघाच: अंधारात आरशांमुळे अगणित झालेल्या ज्योती, आणि एकेक नाव, वय, देश उच्चारला जातो.

त्याच संध्याकाळी आणि नंतर

संध्याकाळ मोकळी ठेवा. पार्टी नको, लोकनृत्याचं जेवण नको. कुणाला बोलावंसं वाटेल, कुणाला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये मामा दीड तासात एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर वरण-भात मागितला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी वही काढा आणि तुमच्या माणसाबद्दल जे कळलं ते लिहून ठेवा, जिथे पाहिलं ती जागाही. घरी परतल्यावर पुन्हा त्या यादीत नाव शोधा. आता त्या पानावरचे शब्द, 'गाडी', 'तेरेझीन', 'ऑशविट्झ', वेगळे दिसतात. आईवडिलांच्या, भावंडांच्या नावावर क्लिक करत गेलं की कुटुंब उलगडत जातं, आणि कुणी वाचलं असेल तर तेही कळतं.

मामा कऱ्हाडला पोचल्यावर तीनेक आठवड्यांनी रात्री त्यांचा फोन आला. हवापाणी नाही, काही नाही. "त्या पोराचा बाप होता न्हवं? त्याचं पुढं काय झालं?"

मी सांगितलं. वडील लुडविक वेगळ्या गाडीने ऑशविट्झला आणले गेले. १० ऑक्टोबर १९४४ ला त्यांना तिथून जर्मनीतल्या दाखाऊ छावणीकडे हलवलं. काउफरिंगच्या उपछावणीतून सुटले. वाचले.

"दहा ऑक्टोबर." पलीकडून डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आणि पोरगं नि आई चारच्या गाडीनं. मध्ये सहा दिवस."